स्वादुपिंडाभोवती साचलेला मेलेला भाग दुर्बिणीतून काढणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यातल्या एका एंडोस्कोपी विभागात सिस्टर आहे. आत डॉक्टरांच्या हाताशी उभं राहायचं आणि बाहेर आल्यावर बाकावर बसलेल्या नातेवाइकांशी बोलायचं, अशी माझी दोन कामं. दुसरं जास्त अवघड. या आजारात माणसं दीड-दीड, दोन-दोन महिने त्याच बाकावर असतात, आणि त्यांचे प्रश्नही बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा लिहूनच काढले. निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. ते बोलतात ते कळावं, एवढ्यासाठी हे पान.

डॉक्टर म्हणतात 'कलेक्शन' झालंय. म्हणजे पोटात पाणी झालंय का?

अर्धं खरं. स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी पडलेली जेमतेम वीतभर ग्रंथी. अन्न पचवणारा रस आणि इन्शुलिन तीच बनवते. तिला जोराची सूज आली की हा रस आतल्या आत कामाला लागतो आणि ग्रंथीलाच पचवू लागतो. बहुतेक जण आठ-दहा दिवसांत सलाइनवर बरे होऊन घरी जातात. शंभरातल्या दहा ते वीस जणांमध्ये मात्र ग्रंथीचा काही भाग, किंवा तिच्याभोवतीची चरबी, रक्तपुरवठा तुटून मरते. मेलेला भाग, रस, थोडं रक्त असं सगळं एका जागी साचतं. ते कलेक्शन.

नुसतं पाणी असेल तर त्याला 'स्यूडोसिस्ट' म्हणतात. पाण्यात मेलेल्या भागाचे गोळे असतील आणि भोवती भिंत धरली असेल, तर 'वॉल्ड ऑफ नेक्रोसिस'. रिपोर्टवर हेच शब्द दिसतील. या आजारासाठीच्या अटलांटा वर्गीकरणाची २०१२ साली सुधारणा झाली, तेव्हापासून जगभर हीच नावं चालतात. फरक मी बाकावर असा सांगते : एका पिशवीत ताक आहे, दुसरीत पातळ झालेली खिचडी. ताक नळीनं वाहून जातं. खिचडीचं पाणी जातं, शितं मागे राहतात. या पानावरची सगळी कटकट त्या शितांची आहे.

सीटी स्कॅनमध्ये शितं नीट दिसत नाहीत, सगळं पाण्यासारखंच दिसतं. एमआरआय किंवा टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण, म्हणजे ईयूएस, यात ती कळतात. 'सीटी झालाय ना, मग परत एमआरआय कशाला, बिल वाढवायला?' असं विचारण्याआधी एवढं लक्षात घ्या.

आमचे हे दारूला शिवतही नाहीत. मग हे कसं झालं?

दारू हे एक कारण, एकमेव नाही. पित्ताशयातला खडा खाली सरकून नळीच्या तोंडाशी अडकणं हे तितकंच मोठं कारण. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे एक प्रकारची चरबी, हजाराच्या वर गेले तरी होतं. काही औषधांनी होतं, आणि कधीकधी शोधूनही कारण सापडत नाही. वॉर्डात भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना हे आधीच सांगून टाका, म्हणजे पेशंटच्या उशाशी उगाच कुजबुज होणार नाही.

तीन आठवडे झाले. रोज राउंडला येतात आणि 'थांबूया' म्हणतात. नक्की कशासाठी थांबलोय?

भिंत धरण्यासाठी. सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा, आणि सगळ्यात जास्त रागानं विचारला जाणारा प्रश्न हाच.

सुरुवातीच्या दिवसांत मेलेला भाग आणि जिवंत भाग एकमेकांत मिसळलेले असतात, सीमा नसते. त्या वेळी आत हात घातला तर मेलेल्यासोबत जिवंतही निघतं, आणि जिवंत भागात रक्तवाहिन्या असतात. दूध तापवून लगेच साय काढायला गेलं तर हाती काय लागणार? ते निवावं लागतं. शरीर हळूहळू मेलेल्या भागाभोवती जाड आवरण तयार करतं, आतला भाग सुटा आणि मऊ होत जातो. याला साधारण चार आठवडे लागतात. कुणाचं थोडं आधी होतं, कुणाचं नंतर. म्हणून मधूनमधून स्कॅन.

थांबण्याचा दुसरा फायदा नातेवाइकांना पटायला जड जातो : थांबलेल्यांपैकी काहींना पुढे काहीच करावं लागत नाही. नेदरलँड्समधली एक चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. संसर्ग झालेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटात लगेच निचऱ्याची नळी टाकली, दुसऱ्यात भिंत धरेपर्यंत प्रतिजैविकांवर थांबले. लगेच नळी टाकून रुग्णांचं जास्त भलं झालं नाही. थांबलेल्या गटातले ३९ टक्के तर नुसत्या औषधांवर निभावले, नळी लागलीच नाही.

थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे. त्या काळात पेशंटला नळीतून पोषण चालू असतं, साखर सांभाळलेली असते, किडनी आणि फुप्फुसांवर लक्ष असतं, ताप आला की रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू शोधायची तपासणी, जातं. बाहेरून ते दिसत नाही, एवढंच. माझं मत विचाराल तर तिसऱ्या आठवड्यात 'इथे काही करत नाहीत' म्हणून हॉस्पिटल बदलणं हा या आजारातला सगळ्यात महागडा निर्णय. नव्या जागी पुन्हा सगळ्या तपासण्या होतात आणि तेही डॉक्टर शेवटी म्हणतात, थांबूया.

थांबता न येण्याची वेळही येते. प्रतिजैविकं चालू असूनही रक्तदाब ढासळत असेल, पोटातला दाब वाढून लघवी बंद झाली असेल, रक्तस्राव होत असेल, तर चार आठवडे मोजत कुणी बसत नाही.

संसर्ग झालाय हे कसं कळतं?

उतरलेला ताप पुन्हा चढतो, पांढऱ्या पेशी वाढतात, पेशंट उतरत्या कळेला लागतो. स्कॅनमध्ये कलेक्शनच्या आत हवेचे बुडबुडे दिसले तर बहुतेक वेळा शंका उरत नाही. मेलेल्या भागाला साधारण तिघांतल्या एकाला संसर्ग होतो. तो होऊ नये म्हणून आधीपासूनच भारी प्रतिजैविकं देण्यानं फायदा दिसलेला नाही. उलट पुढे बुरशीचा संसर्ग मागे लागतो.

ताप नाही, दुखत नाही, पण कलेक्शन १२ सेंटिमीटरचं आहे. काढून टाकलेलं बरं ना?

नाही. आकार हे कारण नाही. खाल्लेलं पुढे सरकत नसेल, पित्ताची नळी दाबून कावीळ झाली असेल, दुखणं थांबतच नसेल, वजन घसरत असेल किंवा संसर्ग असेल, तरच हात लावायचा. निर्जंतुक कलेक्शनमध्ये दुर्बीण घातली की तोंडातले आणि पोटातले जंतू आत जातात. शांत असलेली बरीच कलेक्शनं काही महिन्यांत आपोआप जिरतात.

दुर्बिणीतून नेमकं काय करतात?

आमच्याकडे हे काम पूर्ण भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालून होतं. पिशवी फुटल्याबरोबर आतला पू जठरात धो-धो येतो. तो फुप्फुसात जाऊ नये म्हणून ही काळजी.

डॉक्टर ईयूएसची दुर्बीण तोंडातून जठरात नेतात. कलेक्शन जठराच्या पाठीमागच्या भिंतीला टेकलेलं असतं. मधलं अंतर साधारण एक सेंटिमीटरच्या आत हवं. सोनोग्राफीवर मध्ये रक्तवाहिनी नाही ना हे पाहतात, जठराच्या भिंतीतून पलीकडे भोक करतात आणि तिथे स्टेंट, म्हणजे आखूड नळी, बसवतात. धातूचा असेल तर दोन्ही टोकांना पसरट, मध्ये बारीक, डमरूसारखा. तो उघडला की दोन्ही भिंती एकमेकींना चिकटून धरतो. पोटावर टाका नाही, बाहेर पिशवी नाही. तो उघडतो त्या क्षणी पडद्यावर मळकट तपकिरी पाणी उसळतं आणि सक्शनच्या बाटल्या भराभर बदलाव्या लागतात. बाटल्या बदलणारी मीच असते. त्या वासाला अकरा वर्षांत सरावले नाही.

पुष्कळांचं काम इथेच भागतं. ताप उतरतो, भूक लागते. ज्यांचा ताप तीन-चार दिवसांत उतरत नाही त्यांना पुन्हा आत घेतात. स्टेंट १५ मिलिमीटर रुंद, साधी दुर्बीण दहाच्या आसपास. ती स्टेंटमधून थेट त्या पोकळीत शिरते. आत काय दिसतं? पिवळट, राखाडी, काळे गोळे, भिंतीला लोंबणारे. पावसाळ्यात मोरीच्या जाळीत अडकलेल्या चिंध्या आठवा. फासा किंवा जाळी घालून डॉक्टर एकेक पकडतात, हलकेच ओढतात, सुटला तर जठरात आणून सोडतात, पुन्हा आत. तास-दीड तास हेच. घट्ट बसलेला गोळा ओढायचा नाही, हा नियम. ज्याला धरून बसलाय ती रक्तवाहिनी असू शकते. काही ठिकाणी गोळे सुटावेत म्हणून पातळ केलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, मग आत सगळा फेसच फेस. फुगवायला साधी हवा वापरत नाहीत, कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण हवेचा बुडबुडा रक्तात शिरला तर जिवावर बेतू शकतं. तुमच्या हॉस्पिटलला हा प्रश्न जरूर विचारा.

या दुसऱ्या कामाला 'नेक्रोसेक्टॉमी' म्हणतात. फाइलवर तोच शब्द असतो.

एका फेरीत सगळं का नाही काढत?

एका दिवसात सगळं सुटत नाही म्हणून. आज घट्ट असलेलं तीन दिवसांनी लोंबायला लागतं. कुणाला एकही फेरी लागत नाही, कुणाला चार-पाच लागतात. 'परत आत घेतायत म्हणजे मागच्या वेळी चुकलं' असं समजू नका. स्टेंट बसवला त्याच वेळी सफाईही सुरू करावी का, यावर डॉक्टरांमध्ये अजून मतं आहेत. अमेरिका आणि भारतातल्या केंद्रांनी मिळून केलेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत आधीच सफाई केल्यानं पुढच्या फेऱ्या कमी लागल्या. ज्यांचा हात बसलेला आहे अशा केंद्रांची ही गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवा.

काढलेलं आम्हाला दाखवाल का?

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर खडे दाखवतात, तसं इथे वाटीत काही येत नाही. गोळे जठरात सोडतो. ते पुढे सरकतात आणि शौचावाटे जातात. थोडा पू कल्चरला पाठवतो. हे ऐकून एका काकांनी हात जोडले होते, 'सिस्टर, हे यांना सांगू नका हं.' नाही सांगितलं.

त्यापेक्षा एकदाच पोट उघडून साफ केलं तर?

पूर्वी तेच करत. पोट उघडून साफसफाई, आणि अनेकदा पुन्हा पुन्हा. मेलेला भाग दुर्बिणीतून निचरता येतो हे पहिल्यांदा १९९६ साली मांडलं गेलं. मग २०१० साली नेदरलँड्समधल्या ८८ रुग्णांच्या चाचणीनं चित्र पालटलं : थेट पोट उघडलेल्यांपैकी ६९ टक्के जणांना मोठी गुंतागुंत झाली किंवा मृत्यू आला, आधी नळी, मग गरजेपुरती छोटी शस्त्रक्रिया, अशा पायरी-पायरीच्या गटात हे प्रमाण ४० टक्के होतं. त्या गटातल्या ३५ टक्के रुग्णांना नळीनंतर पुढचं काहीच लागलं नाही.

दुर्बीण आणि छोट्या छेदाची शस्त्रक्रिया यांची थेट तुलना पुन्हा तिथेच झाली, २०१८ साली, ९८ रुग्णांवर. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू दोन्हीकडे जवळजवळ सारखा : ४३ आणि ४५ टक्के. दुर्बिणीचा फायदा दिसला तो दुसरीकडे. स्वादुपिंडाचा रस पोटावरच्या भोकातून महिनोनमहिने गळत राहण्याचा त्रास दुर्बिणीच्या गटात ५ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ३२ टक्के. हॉस्पिटलातला मुक्काम सरासरी ५३ दिवस, तिकडे ६९. त्रेपन्न दिवस हा आकडा नीट वाचा. दुर्बीण म्हटलं की लोकांना 'संध्याकाळी घरी' वाटतं.

मग आमच्या पेशंटला कुशीतून नळी का घातली?

कलेक्शन जठरापासून लांब, खाली कमरेकडे उतरलं असेल तर दुर्बीण पोचत नाही. कधी पेशंट इतका नाजूक असतो की भूलही नको. तेव्हा रेडिओलॉजीवाले सोनोग्राफी किंवा सीटीवर बघून कुशीतून नळी टाकतात. कधी दोन्ही वाटा एकदम वापरतात.

जिवाला धोका किती?

आहे. वर सांगितलेल्या २०१८च्या चाचणीत दुर्बिणीच्या गटातले १८ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटातले १३ टक्के रुग्ण दगावले. एवढ्या थोड्या रुग्णांत हा फरक खरा मानता येत नाही, पण आजार किती वाईट आहे ते कळतं. मोठा वाटा मूळ आजाराचा असतो.

दुर्बिणीच्या कामाचा म्हणून मुख्य धोका रक्तस्रावाचा. प्लीहेकडे जाणारी धमनी या पिशवीला खेटून जाते, रसानं तिची भिंत कुरतडलेली असते. ती फुटली तर दुर्बिणीनं थांबेलच असं नाही. जांघेतून तार नेऊन ती वाहिनी आतून बंद करावी लागते. शिवाय स्टेंट सरकणं, गाळानं तुंबणं, क्वचित जठराला भोक पडून पोटात गळणं. संमतीपत्रावर हे सगळं छापलेलं असतं. सही करायच्या आधी वाचा, आणि समजावून सांगा म्हणून डॉक्टरांना थांबवा. त्यांना घाई असते, तुम्हाला नसली पाहिजे.

खायला काय द्यायचं? नाकातली नळी कधी काढणार?

नाकातून जठरापर्यंत किंवा त्याच्या पुढे लहान आतड्यापर्यंत गेलेली नळी हीच त्या वेळची पंगत. शिरेतून पोषण देण्यापेक्षा आतड्यातून दिलेलं चांगलं; आतडं रिकामं राहिलं की संसर्ग वाढतो. तोंडानं सुरू करायला सांगितलं की पेज, मऊ भात-वरण, गोड ताक, थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. तूप-तेल बेतानं. साखर बघितल्याशिवाय शहाळ्यांचा मारा नको. वॉर्डाच्या दाराशी शहाळ्यांची रास लागते, म्हणून सांगते.

शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं, उग्र वासाचं होत असेल तर पाचक रस कमी पडतोय. त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवता-जेवता घ्यायच्या, जेवणानंतर तासाभरानं नाही. आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांनी बंद केली असेल तर घरच्या घरी चालू करू नका. जठरातलं आम्ल पोकळीतला मेलेला भाग विरघळवायला मदत करतं, असं अनेक डॉक्टरांना वाटतं.

धातूचा स्टेंट बरा की प्लास्टिकचा?

धातूचा पटकन बसतो, वाट मोठी, त्यातूनच सफाई करता येते. किंमत कित्येक पट. प्लास्टिकचे दोन-तीन एकत्र घालतात. आत मुख्यतः पाणी असेल तर तेही पुरतात. शितं जास्त तर धातूचा, असा ढोबळ हिशेब.

आता महत्त्वाचं. धातूचा स्टेंट कायमचा नाही. पिशवी रिकामी होऊन आकसली की त्याचं आतलं टोक पलीकडच्या भिंतीला घासायला लागतं. अमेरिकेतल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा स्टेंट तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलेल्यांमध्ये रक्तस्राव आणि स्टेंट भिंतीत रुतणं हे प्रकार दिसले. म्हणून साधारण तीन-चार आठवड्यांनी स्कॅन करून तो काढतात. ग्रंथीची नळी मध्येच तुटलेली असेल तर त्या जागी प्लास्टिकचा ठेवण्याची पद्धत आहे. ठेवलाच पाहिजे का, यावर वाद आहे. हैदराबादला झालेल्या एका चाचणीत ठेवून आणि न ठेवून, तीन महिन्यांत पुन्हा साचण्यात फारसा फरक दिसला नाही.

इंदापूरकडचे एक गृहस्थ स्टेंट बसवून गेले ते ऊस तुटल्यावर आले, तीन महिन्यांनी. 'काही त्रासच नव्हता,' म्हणाले. स्टेंट रुतून बसला होता, वर मांस वाढलेलं. निघाला, पण पंधरा मिनिटांच्या कामाला दोन तास आणि दोन बाटल्या रक्त लागलं. तेव्हापासून मी काढायची तारीख फाइलवर लाल पेनानं लिहिते आणि घरातल्या बाईमाणसाच्या मोबाइलमध्येही घालायला लावते.

खर्च पेलणारा नाही. काय करायचं?

पहिल्याच दिवशी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाला, गाठा, तिसाव्या दिवशी नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, हेल्पलाइन १५५३८८. हॉस्पिटल योजनेत आहे का, आणि तुमच्या पेशंटचा आजार, दुर्बिणीच्या फेऱ्या, स्टेंट यातलं नेमकं काय बसतं, हे आधीच लेखी विचारा. पुण्यातली बरीच मोठी हॉस्पिटलं धर्मादाय आहेत. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवण्याचं बंधन आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. 'खाट शिल्लक नाही' हे उत्तर तोंडी घेऊ नका, लिहून मागा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही भरून ठेवा. मेडिक्लेम असेल तर टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं मंजुरी देणाऱ्या संस्थेला, सुरुवातीलाच सांगा की फेऱ्या अनेक होतील, नाहीतर दर फेरीला मंजुरीची नवी वाट बघत बसाल.

साताऱ्याहून, सोलापूरहून पुण्याला आणायचं तर हॉस्पिटल कसं निवडायचं?

नावाची पाटी बघू नका. चार गोष्टी फोनवर विचारा : ईयूएस करणारे डॉक्टर नेहमी असतात की ठरावीक वारी बाहेरून येतात? रात्री दोनला रक्तस्राव झाला तर रक्तवाहिनी बंद करणारे रेडिओलॉजिस्ट येतील का? स्वादुपिंडाचं काम केलेले सर्जन आहेत का? आयसीयूत आज जागा आहे का? निघताना सगळ्या स्कॅनच्या सीडी घ्या, नुसते कागद नकोत. गणपतीच्या दिवसांत येणार असाल तर रस्ते बंद असतात, अँब्युलन्सवाल्याला आधी वाट विचारा.

नंतर मधुमेह होतो का? पित्ताशय कधी काढायचं?

होऊ शकतो, लगेच किंवा वर्षा-दोन वर्षांनी. साखर तपासत राहा. खड्यांमुळे झालं असेल तर कलेक्शन जिरल्यावर पित्ताशय काढायचंच. बरं वाटलं म्हणून टाळलेले परत येतात. दारू आणि सिगारेट बंद. इथे 'थोडीशी' नसते.

घरी गेल्यावर कधी धावत यायचं?

थंडी वाजून ताप आला. काळी डांबरासारखी शी झाली किंवा रक्ताची उलटी झाली. एकदम चक्कर येऊन घाम फुटला. खाल्लेलं सगळं उलटून पडतंय. यातलं काहीही झालं तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका, १०८ लावा. आणि कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य हे : 'पोटात स्टेंट आहे, अमुक तारखेला बसवलाय.' तिथल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला ते माहीत असायचं काही कारण नाही.